मांडी

चाळीस वर्षं मांडी घातली ती विड्यांसाठी.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
शेजारी भिजवलेली पानं, कात्री, दोरा,
आणि दुपारचं विडी घरकुल,
पत्र्याखाली बेचाळीस डिग्री.
बोटं माझी अजून बघा,
अंधारात हजार वळतील,
एकही सैल नाही.
पण मांडी?
मांडीनं काय केलं चाळीस वर्षं?
बसली.

मग एका सकाळी सूप बाजूला ठेवलं
आणि उठता येईना.
भिंतीला हात, कपाटाला हात, सुनेला हाक.
सून भाकरी थापत होती, म्हणाली, आले आले.
तोवर मी तिथंच,
छाट काढलेल्या विडीसारखी.

सिव्हिलमधली मुजावर डॉक्टरीण,
पोरगीच, हातावरची मेंदी उतरत आलेली.
तिनं मांडी दाबून बघितली दोन बोटांनी
जसा कारखान्यातला चेकर बंडल दाबतो.
"काकू, आतला माल कमी झालाय."
मी म्हटलं, साखर वाढलीय, त्याचं बोला.
ती म्हणाली, तेच बोलतेय.
खाल्लेली साखर जाऊन राहते कुठं? मांसात.
तुमची कोठीच आकसली,
मग ती रक्तात फिरत बसते
भाड्यानं खोली न मिळालेल्या माणसासारखी.
हाडाचंही तसंच,
मांस ओढतं म्हणून हाड टणक राहतं,
कुणी ओढलंच नाही तर ते तरी कशाला जोर धरेल?
गोळी लिहिली.
गोळीच्या खाली लिहिलं:
खुर्चीवरून उठणे, बसणे. हात न लावता. दहा वेळा.

दहा!
मी हजाराच्या हिशेबातली बाई.

पहिल्या दिवशी तीन झाले.
ओकटी, रेंडु, मूडु.
आमच्यात मोजायचं ते तेलुगूत,
कण्हायचं पण तेलुगूतच.
नात मोजत होती एक डोळा मोबाईलवर ठेवून,
"अव्वा, चीटिंग. हात लावला."

दोन महिन्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरली,
दोन हातांत दोन.
शेजारची मल्लव्वा दारातून बघून म्हणाली,
काय ओ, तालमीला जाणार काय आता? लंगोट शिवू?
शिव म्हटलं, चादरीचा शिव, टिकेल.

दुखलं. खोटं कशाला बोलू.
जिना उतरताना मांड्या अशा थरथरायच्या
की वाटायचं, आत कुणीतरी
बंद पडलेला माग सुरू केलाय.
अंडं खा म्हणाली डॉक्टरीण, डाळ घट्ट कर म्हणाली.
शेंगाची चटणी चालेल का विचारलं
तर चमच्याचं टोक दाखवलं.
एवढीशी? सोलापुरात?

साखर काही पळून गेली नाही.
दोनशे चाळीसची एकशे ऐंशीवर आली, तिथं अडली.
गोळी चालूच आहे.

पण परवा मोरीत पाय सरकला.
पडले, सरळ ढुंगणावर.
घरात कुणी नव्हतं.
पाच दिवसांनी नळाला पाणी आलेलं,
सगळी गल्ली हंड्या-कळशांच्या मागं,
हाक कोण ऐकणार?
एक गुडघा टेकला,
दुसरा पाय रोवला,
मनात म्हटलं, ओकटी,
आणि उठले.
बादली सरकवली नळाखाली.
कुणाला सांगितलं नाही अजून.

रात्री लाईट गेली की मांडी चाचपते.
चाळीस वर्षं जे जे वळलं
ते लोकांनी ओढलं, फुंकलं,
थोटूक टाकून चपलेनं विझवलं.
हे एवढंच काम असं
की करून माझ्यापाशी राहिलं.
चेकर यावा म्हणते आता,
दाबून बघावं त्यानं.

उद्या गुरुवार.
नात म्हणते, पंधरा.
मी म्हटलं, आधी तो मोबाईल ठेव.